आजचं कूपन कापलं का?

जठारपेठेतून जाताना मी तोंडाला स्कार्फ बांधते. तुम्ही म्हणाल त्यात काय, अकोल्यात सगळ्याच पोरी बांधतात, इथलं ऊनच तसं आहे. पण मी हिवाळ्यातही बांधते. ढग आले तरी बांधते. स्कूटीवर नसताना, पायी चालतानासुद्धा बांधते. नाहीतर एखाद्या दुकानाच्या पायरीवर बसलेली काकू ओळखते आणि शेजारणीला कोपरानं ढोसून म्हणते, "अवं हे पाय, कूपनवाली चालली."

ती कूपनवाली म्हणजे मी. खरं नाव प्रज्ञा, वय सव्वीस. या अंकाच्या संपादक ताईंचा फोन आला. म्हणाल्या, आमच्याकडे रिटायर लोकांचे नोकरीचे अनुभव ढिगानं येतात, तुझ्या वयाचं कोणी लिहीत नाही, तू लिही. मी म्हटलं, ताई, माझा पेपरच बंद पडला, म्हणजे त्या हिशोबानं मीही रिटायरच की! त्या हसल्या. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र वाटलं, हे लिहायचं म्हणजे ते सगळं लिहावं लागेल. म्हटलं एका दमात टाईप करून टाकू, थांबले तर राहून जाईल.

तर आमचा पेपर. नाव लिहीत नाही, वऱ्हाडातल्या लोकांना कळेलच आणि बाकीच्यांना नाव सांगून उपयोग नाही. मालकांच्या वडिलांनी काढलेला, हेड ऑफिस अमरावतीला, आणि दुसरी आवृत्ती अकोल्याची, तिथे मी. आमच्या घरी हाच पेपर यायचा. बाबा एसटीत ड्रायव्हर. दर चौदा एप्रिलची पुरवणी ते घडी करून लोखंडी पेटीत ठेवायचे, आणि त्या पेटीला आम्हा पोरांना हात लावायची परवानगी नव्हती. मला तिथे नोकरी लागली तेव्हा बाबांनी डेपोत पेढे वाटले. माझी पोस्ट होती 'डिजिटल डेस्क'. डेस्क म्हणजे छपाईच्या मशीनच्या खोलीला लागून एक टेबल, एक कॉम्प्युटर, आणि मी. वेबसाइट, व्हॉट्सॲप ग्रुप, रील, सगळं मीच. मशीन सुरू झालं की टेबल हलायचं आणि माझे व्हिडिओ थरथरायचे. मला ते पण आवडायचं! खरंच. मी तिथे फार खूश होते.

मालकांना सगळे नानासाहेब म्हणायचे. साठीचे, पांढरा शर्ट, पानाचा डबा. आठवड्यातले तीन-चार दिवस ते अकोल्यात असायचे. सकाळी केबिनमध्ये बसून लाल पेनानं अख्खा पेपर वाचायचे, चुकांवर गोल करायचे आणि तो अंक टेबलावर तसाच ठेवून द्यायचे. कोणाला बोलावून रागावायचे नाहीत. त्यांना कोणाला 'नाही' म्हणताच यायचं नाही, एवढा चांगला माणूस. आणि आता वाटतं, पेपर बुडायला हेही एक कारण असावं. ज्याला 'नाही' म्हणायचं असेल त्याच्यासमोरून ते उठून जायचे.

बाहेरच्यांसाठी धंदा थोडक्यात सांगते, कारण मलाही नोकरी लागेपर्यंत माहीत नव्हतं. पेपर विकून पेपरवाल्याला काही उरत नाही. तुम्ही जी किंमत देता त्यात कोरा कागदही निघत नाही. पोट भरतं जाहिरातीवर, आणि जाहिरात मिळते खपावर. खप जास्त तर भाव जास्त. म्हणून खप वाढवायला कूपन. रोज पेपरात एक छोटं चौकोनी कूपन छापायचं, लोकांनी ते कापून एका मोठ्या कागदावर, म्हणजे प्रवेशिकेवर, चिकटवायचं, सगळी कूपनं भरली की प्रवेशिका द्यायची आणि हमखास बक्षीस न्यायचं. बादली, डबे, थर्मास. तुमच्याही घरात असेल एखादी पेपरवाली बादली, बघा. आणि एकदा कूपन लावायला सुरुवात केली की बाई पेपर बंद करत नाही. मधली दहा कूपनं नसतील तर आधीची सगळी वाया ना!

आमच्याकडे कूपनचे उस्ताद होते वानखडेकाका. वितरण विभागाचे प्रमुख. काका काही संत नव्हते हं. त्यांनी आणलेल्या बादल्यांची कडी महिन्याभरात हातात यायची, आणि खपाचा आकडा विचारला की ते आधी विचारायचे, "कोणाले सांगाचा आहे?" पण त्यांचा एक नियम होता. आधी बक्षिसं आणायची, ऑफिसच्या समोरच्या व्हरांड्यात छतापर्यंत रचायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू द्यायची. मग पहिलं कूपन छापायचं. काका म्हणायचे, "लोकं पेपरवर इश्वास ठेवत नाहीत पोरी, बादलीवर ठेवतात."

मग नानासाहेबांचा मुलगा आला. ऋषीदादा. पुण्याहून. एमबीए, चकचकीत लॅपटॉप, आणि सगळ्यांना नावानं हाक. मला तर हिरोच वाटला! पहिल्याच मीटिंगमध्ये त्यानं पडद्यावर उतरती रेघ दाखवली, म्हणजे आमचा खप, आणि म्हणाला, "आपल्याला युजर पाहिजेत." वाचक नाही म्हणाला. मी लगेच मान डोलावली. तोपर्यंत मीही वाचकच म्हणत होते, त्या दिवसापासून युजर म्हणायला लागले.

मोठी कूपन योजना करायची ठरली. बक्षीस प्रेशर कुकर. काकांनी विचारलं, "कुकर कधी येऊन राहिले?"

"काका, आधी माल घेऊन पैसा अडकवायचा नाही," ऋषीदादा म्हणाला. "आधी युजर येऊ द्या. मग जाहिरात येईल, त्यातून कुकर."

"अन् नाहीच आली तं?"

"काका, असं निगेटिव्ह नका ना बोलू."

काकांनी नानासाहेबांकडे पाहिलं. नानासाहेब पानाला चुना लावत होते. चुना लावून झाला, पान तोंडात गेलं, मीटिंग संपली.

एक कुकर आला. सँपल. तो माझ्या टेबलावर आला, कारण व्हिडिओ मी करणार होते. आणि काय व्हिडिओ केले मी! कुकर कडेवर घेऊन बाजारात, कुकर घेऊन बसस्टँडवर, कुकरची शिटी वाजवून मी कॅमेऱ्यात वाकून विचारायची, "काय मग काकू, आजचं कूपन कापलं का?" धडाधड चालले. पोरं रस्त्यात शिटीचा आवाज काढून मला तेच विचारायला लागली. भाजीवाली काकू मोफत कोथिंबीर द्यायची. मी घरी येऊन आईला कॉमेंट वाचून दाखवायची. आई म्हणायची, "एवढे कुकर ठेवले कुठी गं?" मी म्हणायची, "आई, तुला नाही कळत."

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, आमच्या पेपरातच असं होऊ शकतं. कूपन कुठे छापायचं हे साधं काम नसतं. आतल्या पानावर, खाली कोपऱ्यात, म्हणजे माणूस पेपर उघडेल तरी. पण कागदाला दोन बाजू असतात! हे माझ्या आणि पान लावणाऱ्या पोराच्या डोक्यातच आलं नाही. पहिल्याच दिवशी कूपनच्या बरोब्बर मागे निधन वार्ता आली. फोटोसकट. सकाळी ऑफिस उघडलं तर एक माणूस दारात, हातात पेपर, पेपराला चौकोनी भोक.

"माह्या बापाचं डोस्कं कापलं तुमी," तो म्हणाला.

मला कळेना. त्यानं पेपर डोळ्यासमोर धरला, त्या भोकातून मला त्याचा एक डोळा दिसत होता. "हे पाय. नाव आहे, गाव आहे, तिसरा दिवस कधी ते आहे. बाप कुठी आहे? अख्ख्या गावानं कापला!"

वानखडेकाका धावत आले, हात जोडले, खुर्ची दिली, चहा सांगितला. म्हणाले, "चुकलं भाऊ. उद्या पुन्हा छापतो, मोठा फोटो, वरच्या बाजूला. पण मले सांगा, गावानं कापला हे तुमाले समजलं कसं?"

त्या माणसानं पेपराची घडी केली. मग हळूच म्हणाला, "आमच्या घरीच कापला ना. माह्या बायकोनं. सुतकात."

मी टेबलाखाली वाकून हसले. पेन शोधायचं नाटक करत. आज आठवलं की हसू येत नाही. त्या घरात सुतक होतं आणि त्या बाईलाही माझा कुकर हवा होता, एवढंच आठवतं.

दुसऱ्या दिवसापासून कूपनच्या मागे आमचीच जाहिरात लागायला लागली. तिच्यात मी. म्हणजे कूपन कापलं की माझंच डोकं कापलं जायचं. तेव्हा मला तो विनोद वाटला.

मग अकोट. तिथले विक्रेते म्हणाले, आमच्याकडे बाया लई जोरात आहेत, एक व्हिडिओ इथे करा. मी कुकर घेऊन एसटीनं गेले. एका गल्लीत घरोघर आमचा पेपर! सगळा कारभार एका बाईचा, लता मावशी. मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या, गल्लीची भिशी सांभाळायच्या, आणि आता गल्लीची कूपनं पण. दुपारी शाळा सुटली की बाया त्यांच्या ओट्यावर कात्र्या घेऊन बसायच्या. डिंक-बिंक काही नाही, उरलेल्या खिचडीच्या शितानं चिकटवायच्या. प्रवेशिकांना हळदीचे डाग आणि मुंग्या. कोणाचं एखादं कूपन हुकलं तर अदलाबदल, भांडणं, रुसवे. "माह्यं कालचं दे ना माय, तुह्याजवळ दोन आहेत." "मंग तू मले परवाचं कुठी देल्तं?"

मावशींनी मला बसवलं, पाणी दिलं, कुकर हातात घेऊन उलटापालटा केला, झाकण लावून पाहिलं.

"दमदार आहे," त्या म्हणाल्या. "माह्या पोरीचं लगन आहे उन्हाळ्यात. तिच्या आंदणात ठेवतो हा."

मागून एक बाई बोलली, तिचं नाव पुष्पा, ती सारखी मावशींच्या मागे लागलेली असायची. "लताबाई, पयले भेटू तं द्या. पेपरवाले असेच असतात."

"चूप गं," मावशी म्हणाल्या. माझी हनुवटी धरली आणि सगळ्यांना दाखवली, जशी वांगी दाखवतात तशी. "हे तोंड पाय. हे पोट्टी खोटं बोलाची नाही. मी जबान देतो."

आणि मी काय केलं? मी म्हटलं, मावशी, एक मिनिट, हेच पुन्हा बोला, मी रेकॉर्ड करते! त्या पुन्हा बोलल्या. तो व्हिडिओ आमचा सगळ्यात जास्त चालला.

पुढचे दोन महिने मजेत गेले असं मला वाटत होतं. खरं म्हणजे कागदाचा ट्रक येणं कमी झालं होतं. पानं बारावरून आठ झाली, मग सहा. खप वाढला होता, पण जेवढा वाढला तेवढा कागद जास्त लागत होता, आणि जाहिराती आल्याच नाहीत. सरकारी जाहिरातींची बिलं कुठेतरी अडकली होती, दुकानदार म्हणत होते आम्ही आता फेसबुकवरच देतो. हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं, मी मशीनच्या शेजारी बसत होते, मशीन लवकर बंद व्हायला लागलं होतं. माझे व्हिडिओ थरथरत नाहीत म्हणून मी खूश होते!

मग अमरावतीला बोलावलं. हेड ऑफिस, वरचा हॉल, नानासाहेब, ऋषीदादा, वानखडेकाका, आणि मी. पहिल्यांदाच मला अशा मीटिंगला बोलावलं होतं. मी नवीन ड्रेस घालून गेले.

ऋषीदादानं सांगितलं, अकोल्याची छापील आवृत्ती बंद. आता सगळं ॲपवर. बाहेर कोणाला बोलायचं नाही, एजंट लोकांचं डिपॉझिट आपल्याकडे आहे, सगळे परत मागायला येतील, गोंधळ होईल. "आणि प्रज्ञा, ॲपची डिजिटल हेड तू."

लिहिताना बोटं थांबली इथे. लिहितेच. मला आनंद झाला. एक पेपर बंद होतोय, मशीनवरची माणसं घरी जाणार, आणि माझ्या डोक्यात काय, तर व्हिजिटिंग कार्ड कसं दिसेल. डिजिटल हेड! बाबांना कसं सांगू!

वानखडेकाकांनी एवढंच विचारलं, "कुकर?"

"ते आपण कन्व्हर्ट करतोय," ऋषीदादा म्हणाला. "कुकरऐवजी ॲपचं एक वर्षाचं सबस्क्रिप्शन. फ्री. किंमत काढली तर कुकरपेक्षा जास्तच होते."

काका नानासाहेबांना म्हणाले, "नानासाहेब, तुमच्या वडिलांच्या वेळेपासून मी इथं हाव. आपण लोकायले हलकी बादली देल्ली असन, पण देल्ली. असं कधी केलं नाही."

नानासाहेब उठले. "मला जरा फोन आलाय," म्हणाले. फोन टेबलावरच होता, आणि तो वाजतही नव्हता.

व्हिडिओ मी केला. ऋषीदादानं लिहून दिलं होतं, पण मी माझी मिरची टाकली, कारण मला वाटलं की हसून सांगितलं तर लोक हसून घेतील. "काकू, खुशखबर! आता तुमचं बक्षीस तुमच्या मोबाईलमध्येच!" आणि वर शिटीचा आवाज.

पहिली कॉमेंट आली, "ॲपमधी वरण शिजते काय?" दुसरी, "किती शिट्ट्या द्याच्या?" तिसरी मी इथे लिहू शकत नाही. आईनं कॉमेंट वाचायला फोन मागितला, मी दिला नाही.

आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी अकोटच्या बाया आल्या. एसटीनं, दहा-बारा जणी, पुढे लता मावशी. हातात पिशव्या, पिशव्यांत गुंडाळी केलेल्या प्रवेशिका, अख्ख्या गल्लीच्या. व्हरांड्यातल्या रिकाम्या जागेत त्या खाली बसल्या. नानासाहेब केबिनमध्ये होते. मी आत पळाले. ते म्हणाले, "बेटा, त्यांना सांग मी बाहेरगावी आहे," आणि मागच्या दारानं मशीनच्या खोलीतून निघून गेले. ऋषीदादाला फोन लावला. तो म्हणाला, "फॉर्म कलेक्ट करून घे. प्रोसेस चालू आहे म्हण. एकदा फॉर्म आपल्याकडे आले की आंदोलन-बिंदोलन होणार नाही, त्यांच्याकडे दाखवायला काही राहत नाही." अगदी सहज बोलला, जणू फाईल पाठव म्हणतोय.

मी बाहेर आले.

"साहेब कुठी आहेत?" पुष्पानं विचारलं.

"बाहेरगावी गेलेत."

तिनं केबिनच्या दाराकडे बोट केलं. "चपला ठेवून गेले काय बाहेरगावी?"

सगळ्या बाया हसल्या. मावशी हसल्या नाहीत. त्या उठून माझ्याजवळ आल्या, आणि मला अजून पाठ आहे, त्या अगदी हळू बोलल्या, मला बाजूला घेऊन, माझी इज्जत राखत. "हे पाय प्रज्ञा. मले एकच सांग. कुकर भेटन का नाही भेटन? नसन भेटत तं आताच सांग बाप्पा. राग नाही येणार मले. मी गल्लीत सांगून टाकतो, पोरीचं मी पाहून घेतो. पण खरं सांगजो."

किती सोपं होतं! एक शब्द बोलायचा होता. त्या मागत पण काय होत्या, कुकर मागत नव्हत्या, फक्त खरं मागत होत्या. पेपरात नोकरी करणाऱ्या पोरीकडे.

"मिळेल मावशी," मी म्हटलं. "प्रोसेस चालू आहे. फॉर्म देऊन जा."

वानखडेकाका दारात उभे होते. माझ्या मागे येऊन पुटपुटले, "घेऊ नको पोरी. त्यायच्याजवळ राहू दे." मी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. एकेक गुंडाळी घेतली. प्रत्येकीचं नाव विचारलं, हसले, पोच म्हणून चिठ्ठीवर सही करून दिली. पुष्पाची घेताना ती मावशींना म्हणाली, "तुमी म्हणता म्हणून देऊन राहिली." मावशी म्हणाल्या, "दे. तिनं सांगतलं ना."

त्या गेल्यावर नानासाहेबांचा फोन आला. मला वाटलं विचारतील काय झालं. त्यांनी विचारलं, "बेटा, माझ्याबद्दल काही बोलल्या का त्या?" मी म्हटलं, नाही साहेब. त्यांना फार बरं वाटलं.

आठवड्याभरात अकोल्याची आवृत्ती बंद झाली. शेवटच्या अंकात तसं लिहिलंही नाही, उद्याच्या हवामानाचा अंदाज नेहमीसारखा छापला. सकाळी विक्रेते पेपर वाटपाच्या सेंटरवर उभे राहिले आणि गाडी आलीच नाही, तेव्हा त्यांना कळलं. मशीनवरची माणसं दोन-तीन दिवस येऊन गेटसमोर बसत होती, सवयीनं. जागेत आता कोचिंग क्लास आहे. जागा रिकामी करताना जुने अंक, फायली, कागद, सगळं रद्दीच्या गाडीत भरलं, प्रवेशिका पण. मी तिथे होते. हळदीचे डाग लांबून ओळखू येत होते. मी पुढे होऊन एवढंही म्हटलं नाही की थांबा, त्या काढून घेऊ द्या.

डिजिटल हेड मी थोडे महिने होते. ॲप कोणी डाउनलोड केलं नाही, तेही बंद पडलं. ऋषीदादा पुण्याला परत गेला. मी आता अकोल्यातच एका दातांच्या डॉक्टरसाठी व्हिडिओ करते. डॉक्टर म्हणाले होते चेहरा दाखवत जा, मी म्हटलं नको सर, फक्त दात दाखवू.

बाबांनी मला कधी काही विचारलं नाही. फक्त पुढच्या चौदा एप्रिलला त्यांनी दुसऱ्या पेपरची पुरवणी आणली, वाचली, आणि पेटीत न ठेवता टीव्हीवर ठेवून दिली.

हे सगळं मी इथेच थांबवणार होते. पण गेल्या महिन्यात लता मावशींचा फोन आला. त्यांचा नंबर पाहिला. उचलला नाही. पुन्हा आला. उचलला.

"काय गं, जिती आहेस ना?" मावशी म्हणाल्या. "तुले कामाले ठेवलं काय कोणी?"

मी म्हटलं, हो, आहे काहीतरी.

"काहीतरी म्हंजे नाहीच ना. आयक. आमच्या इथं सेतू केंद्रात टाईप कराले पोरगी पायजे. मी तुह्यं नाव सांगतलं. म्हटलं भल्ली पटापट टाईप करते, डोये झाकून. पेपरवाल्यानं तिले पण फसवलं, म्हटलं, घरी बसून आहे बिचारी."

मी मुलीच्या लग्नाचं विचारलं. झालं म्हणाल्या, चांगलं झालं, कुकर माह्या भावानं देल्ला. भिशी कशी चालली विचारलं. "भिशी आता पुष्पा पायते," त्या म्हणाल्या. "बाया म्हणल्या, लताबाईच्या जबानीवर एकदा गेलो, आता नोको. तं देऊन टाकली तिले." हे सुद्धा त्यांनी आज भाजी काय केली सांगतात तसं सांगितलं. "ते जाऊ दे. तू येतं का सोमवारी? मी संग येतो तुह्या."

त्या माझ्यासाठी लोकांत शब्द टाकत होत्या. पुन्हा! माझ्याच्यानं राहवलं नाही.

"मावशी," मी म्हटलं, "मले माहीत होतं."

"काय?"

"कुकर भेटणार नाही ते. तुमी आल्या त्या दिवशीच माहीत होतं. पेपर बंद होणार ते पण. मले कोणी फसवलं नाही."

पलीकडे शाळेतल्या पोरांचा गलका ऐकू येत होता. भांडी वाजत होती.

"मंग घेतले कायले आमचे कागद?"

"साहेबानं सांगतलं होतं."

मावशी ओरडल्या नाहीत. मी वाट पाहत होते की ओरडतील.

"आमी साहेबाले नाही देल्ले," त्या म्हणाल्या. "साहेबाले ओयखतं कोण? आमी तुले देल्ले."

फोन त्यांनी नाही कापला. मी कापला.